माळ्यावरचा माळी

रात्रीचे बारा वाजून गेलेत. घरात सामसूम. बाहेर रातकिड्यांची किरकिर चाललीय. आणि एवढ्यात डोक्यावर, कौलांच्या खाली, धप्प! मग काहीतरी घसटत गेल्याचा आवाज. मग दुडूदुडू पावलं. धाकटी बहीण पांघरुणातच आजीला बिलगते. बाबा बॅटरी शोधतात. आजी मात्र कूस बदलते आणि शांतपणे म्हणते, "झोपा रे पोरांनो, कांडेचोर आलाय."

बालमित्रांनो, वसई-विरारच्या पश्चिम पट्ट्यात, म्हणजे निर्मळ, गास, भुईगाव, नंदाखाल, आगाशी, अर्नाळा या बाजूला ज्यांचं जुनं कौलारू घर आहे, त्यांना हा आवाज नक्कीच ओळखीचा वाटेल. सहाव्या मजल्यावर ब्लॉकमध्ये राहणाऱ्यांनी तो कदाचित ऐकला नसेल. त्यांनी आजी-आजोबांना विचारून पाहावं. बहुतेक आजोबांकडे कांडेचोराची एक तरी गोष्ट असतेच, आणि ती सांगताना ते आवाज हमखास खाली आणतात!

या एका प्राण्याला नावं तरी किती! कोणी कांडेचोर म्हणतं, कोणी उदमांजर, कोणी ताडमांजर. काही भागांत तर त्याला 'मसण्याऊद' म्हणतात. नावच असं अंगावर काटा आणणारं, मग गोष्टीही तशाच. हा म्हणे मसणात जातो आणि मढी उकरतो! या गोष्टी ऐकल्यावर रात्री एकट्यानं अंगणात जायची कुणाची छाती होईल? प्रत्यक्षात आपलं हे उदमांजर त्या वेळी काय करत असतं माहीत आहे? एखाद्या फांदीवर बसून पिकलेला चिकू शोधत असतं. कच्चा नाही हं, पिकलेलाच. फळ पिकलंय की नाही ते त्याला काळोखातसुद्धा वासावरून बरोबर कळतं.

नावात मांजर असलं तरी हे मांजर नव्हे. मांजर, मुंगूस, तरस आणि उदमांजर यांचे पूर्वज फार फार जुन्या काळी एक होते, एवढंच त्यांचं नातं. उदमांजराचं कूळ वेगळं. अंग साधारण दोन फूट लांब आणि शेपूटही जवळजवळ तेवढीच. वजन दोन ते पाच किलो. केस राठ, रंग राखी-करडा. पाठीवर तीन काळसर पट्टे आणि दोन्ही बाजूंना ठिपके. तोंडावर मात्र काळा बुरखा घातल्यासारखा! नाटकातल्या दरोडेखोराला असतो ना, अगदी तस्सा. 'चोर' हे नाव त्याला शोभून दिसतं खरं.

त्याचा एक भाऊबंदही आपल्याकडे आहे, जवादी मांजर. त्याच्या शेपटीवर काळी-पांढरी वळी असतात आणि ते बहुतेक जमिनीवरच फिरतं. आपल्या उदमांजराच्या शेपटीवर वळी नसतात आणि झाडावर चढण्यात त्याचा हात धरणारं कुणी नाही. बॅटरीच्या झोतात क्षणभर जरी दिसलं तरी आधी शेपूट बघायची. ओळख पटलीच म्हणून समजा.

शास्त्रज्ञांनी दिलेलं नाव तर आणखी गमतीचं आहे. पॅराडॉक्सुरस हर्माफ्रोडायटस! एका दमात म्हणून दाखवा बरं. यातल्या पहिल्या शब्दाचा अर्थ 'अजब शेपटीचा'. दुसरा शब्द आला तो गैरसमजातून. या प्राण्याच्या शेपटीखाली वासाच्या ग्रंथी असतात, नरालाही आणि मादीलाही. जुन्या शास्त्रज्ञांना वाटलं, हा एकच प्राणी नरही आहे आणि मादीही! पल्लास नावाच्या शास्त्रज्ञानं १७७७ मध्ये याची नोंद केली, तेव्हापासून हे चुकीचं नाव बिचाऱ्याला चिकटलंय ते चिकटलंच.

वासाच्या या ग्रंथी म्हणजे उदमांजराचं पोस्ट ऑफिस. ते एकटं राहणारं जनावर. आपल्यासारखं चार जणांत बसून गप्पा मारणं त्याला जमत नाही. मग निरोप कसा द्यायचा? फांदीवर, दगडावर, भिंतीवर अंग घासून वास सोडायचा. मागून येणाऱ्याला त्यावरून कळतं, इथून कोण गेलं, नर की मादी. फारच घाबरलं, तर मात्र ते असा काही उग्र दर्प सोडतं की कुत्रंसुद्धा मागे सरतं. आपल्या ईशान्य भारतात याच कुळातलं बिंतुरोंग नावाचं मोठं, काळं, झुबकेदार जनावर आहे. त्याच्या अंगाला चक्क ताज्या पॉपकॉर्नचा वास येतो! असं का, याचा उलगडा २०१६ मध्ये झाला. बासमती तांदळाला ज्या द्रव्यामुळे वास येतो, तेच द्रव्य बिंतुरोंगच्या मूत्रात सापडलं.

आता ताडमांजर या नावाकडे येऊ. वसईपासून थेट डहाणूपर्यंत आपल्या पालघर जिल्ह्यात ताड आणि शिंदीची झाडं उभी आहेत. ताडी काढणारा संध्याकाळी झाडावर मडकं बांधून येतो. रात्रभर त्यात थेंब थेंब रस पडतो. सकाळी मडकं उतरवायला जावं, तर रस कमी झालेला! रात्री पन्नास-साठ फूट चढून वर येणारं आणि मडक्यात तोंड घालणारं दुसरं कोण असणार? इंग्रजांनी याला 'टॉडी कॅट' म्हटलं ते यावरूनच. गोड रस त्याला फार आवडतो.

बाकी त्याचा दिनक्रम, नव्हे रात्रक्रम, मोठा शिस्तीचा. नेपाळमधल्या चितवनच्या जंगलात काही शास्त्रज्ञांनी उदमांजरांच्या गळ्यात रेडिओचे पट्टे बांधले आणि त्यांचा माग ठेवला. १९९५ मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष छापले. संध्याकाळी सहाच्या सुमारास उदमांजर बाहेर पडतं आणि पहाटे चारच्या सुमारास परततं. चांदणं लख्ख असेल त्या रात्री मात्र त्याचं फिरणं कमी होतं. उजेडात शत्रूच्या नजरेस पडायची भीती! दिवसभर ते झाडाच्या ढोलीत, वेलींच्या गुंत्यात नाहीतर आपल्या माळ्यावर गुपचूप झोपून असतं.

आता मुख्य गोष्ट. शेताच्या बांधावर, खाडीच्या कडेनं शिंदीची झाडं तुम्ही पाहिली असतील. ती कुणी लावली? आंब्याचं कलम कुणी लावलं ते आजोबा सांगतात, नारळ कुणी लावला तेही सांगतात. शिंदीबद्दल विचारलं की म्हणतात, "ती आपोआप येतात रे." पण बी काही पाय फुटून चालत नाही! कुणीतरी ती तिथं नेऊन टाकलेली असते. पाखरं नेतात, वटवाघळं नेतात, कोल्हे नेतात. आणि त्या सगळ्यांत आपल्या उदमांजराचा वाटा फार मोठा.

ते कसं, नीट समजून घ्या. खारीनं किंवा उंदरानं बी उचलली, तर ते दातांनी फोडून आतला गर खातात. म्हणजे बी संपली. वटवाघूळ फळ चोखतं आणि मोठी बी तिथंच टाकून देतं. उदमांजराचं तसं नाही. त्याचे दात आणि पोट मुळात मांसाहारी प्राण्यांसारखे. कठीण बी भरडून काढणारी चक्की त्याच्याकडे नाही. ते फळ बीसकट गिळतं, पोटात वरचा गर तेवढा पचतो आणि काही तासांनी बी जशीच्या तशी बाहेर पडते. तोवर स्वारी मूळ झाडापासून बरीच लांब गेलेली असते. शिंदी, जांभूळ, बोर, भोकर, उंबर, भेरली माड... ही सगळी त्याच्या आवडीची फळं. उंबराच्या एका फळात किती बिया असतात ते एकदा फोडून पाहा, म्हणजे एका रात्रीत किती पेरणी होत असेल याचा अंदाज येईल.

बी लांब जाण्याला एवढं महत्त्व का? तर आईच्या झाडाखाली पडलेल्या बियांना सावलीत ऊन मिळत नाही. तिथं एकाच जागी ढीगभर बिया पडलेल्या, त्यामुळे किडे आणि उंदीरही नेमके तिथंच येतात. लांब गेलेल्या बीला स्वतःची जागा मिळते. वर थोडं खतही बरोबर आलेलं असतं, ते वेगळंच!

असे पेरणी करणारे प्राणी जगभर आहेत. मलेशिया आणि सुमात्राच्या जंगलात टॅपिर नावाचा प्राणी असतो. अंग डुकरासारखं, नाक म्हणजे आखूड सोंडच जणू. पण त्याचं नातं डुकराशी नाही आणि हत्तीशीही नाही. घोडा आणि गेंडा हे त्याचे नातेवाईक! पुढून काळा, मधे पांढरा आणि मागचे पाय पुन्हा काळे. काळोखात तो बसला की मोठा धोंडा पडल्यासारखा दिसतो. त्याचे तीन भाऊबंद मध्य आणि दक्षिण अमेरिकेत आहेत. टॅपिरसुद्धा एकटा राहतो, रात्री फिरतो, पाने-फळं खातो आणि बिया दूरदूर टाकत जातो. पोहताना नाक नळीसारखं पाण्याबाहेर काढतो. त्याचं पिल्लू तर कलिंगडासारखं पट्ट्यापट्ट्यांचं असतं. पण मलेशियातल्या टॅपिरच्या मादीला सुमारे तेरा महिन्यांनी एकच पिल्लू होतं. त्यामुळे शिकारीनं किंवा जंगलतोडीनं टॅपिर कमी झाले की त्यांची संख्या भरून यायला वर्षानुवर्षं लागतात. आणि तोवर झाडांच्या बियांना एक वाहतूकदार कमी पडतो.

आपल्या सह्याद्रीतही हे काम शास्त्रज्ञांनी मोजून पाहिलंय. गोव्यापासून खाली कन्याकुमारीपर्यंतच्या घाटात तपकिरी उदमांजर ही वेगळी जात आहे. ती जगात दुसरीकडे कुठेच नाही. डॉ. दिव्या मुडप्पा यांनी तमिळनाडूतल्या कळक्काड-मुंडनतुरईच्या जंगलात या जातीचा अभ्यास केला. त्यासाठी त्यांनी काय तपासलं असेल? त्याची विष्ठा! नाक मुरडू नका. शेकडो नमुने तपासल्यावर कळलं की हा प्राणी पन्नासहून अधिक जातींची फळं खातो. एवढ्या जातींच्या बिया जंगलात इकडून तिकडे नेणारा दुसरा कोणी माळी तुम्ही नेमू शकाल का? पगार किती द्याल?

विष्ठेवरून आठवलं. इंडोनेशियात उदमांजरानं खाऊन टाकलेल्या कॉफीच्या बिया वेचतात, धुतात, भाजतात आणि त्याची कॉफी करतात. जगातल्या सगळ्यांत महागड्या कॉफींमध्ये तिची गणना होते. पूर्वी या बिया रानात फिरून वेचत. मागणी वाढली तशी माणसांनी उदमांजरं पकडून तारेच्या पिंजऱ्यात कोंडली आणि त्यांना कॉफीची फळं खायला घालायला सुरुवात केली. बाली बेटावरच्या अशा १६ ठिकाणांची पाहणी २०१६ मध्ये छापून आली. एकाही ठिकाणी प्राण्यांच्या साध्या गरजासुद्धा पुरत्या भागत नव्हत्या. रात्रभर झाडाझाडांवरून हिंडणारं जनावर ते. त्याला चार हात लांबीच्या पिंजऱ्यात कसं वाटत असेल! असली कॉफी मला कुणी फुकट दिली तरी घशाखाली उतरायची नाही.

आता वाडीवाल्या काका-काकूंची बाजूही ऐकायला हवी. उदमांजरामुळे नुकसान होतच नाही असं कोण म्हणेल? आगाशीची सुकेळी प्रसिद्ध आहे. त्यासाठी राजेळी केळी पिकवावी लागतात, सोलावी लागतात, मग उन्हात वाळवावी लागतात. एवढ्या मेहनतीचा घड रात्रीत कुणी कुरतडला तर राग येणारच. डहाणू-घोलवडच्या चिकूवाल्यांनाही हा पाहुणा ठाऊक आहे. कधी कोंबडीचं पिल्लूही जातं. पण जुने वाडीवाले यावर उपाय करत आलेत. पिकायला आलेला घड सुक्या पानांनी नाहीतर गोणपाटानं बांधून ठेवायचा आणि खुराड्याची जाळी नीट लावायची. शिवाय हेच जनावर वाडीतले उंदीर आणि किडेही फस्त करतं. तो हिशेब सहसा कुणी मांडत नाही.

खरी अडचण होते ती मादी माळ्यावर विते तेव्हा. मादीला दोन महिन्यांच्या गर्भारपणानंतर दोन ते पाच पिल्लं होतात. जन्मतः त्यांचे डोळे मिटलेले असतात. दहा-अकरा दिवसांनी ते उघडतात. पुढे दोनएक महिने पिल्लं आईच्या दुधावर असतात. बाप जवळ नसतो. आई रात्री खायला बाहेर पडते तेवढा वेळ पिल्लं एकटीच असतात. अशा वेळी पिंजरा लावून आईला पकडलं आणि लांब नेऊन सोडलं तर? घरातल्यांना वाटतं, कटकट गेली. वर माळ्यावर मात्र तीन-चार आंधळी पिल्लं भुकेनं आईची वाट बघत राहतात.

माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलीच्या घरी असंच झालं होतं. माळ्यावर रोज रात्री धावपळ. तिच्या काकांनी पिंजरा आणलासुद्धा. ही पोर काकांना म्हणाली, "काका, वर बारीक आवाज येतो, मांजरीच्या पिल्लांसारखा. आधी बघा ना." काकांनी शिडी लावली, कौल सरकवलं आणि बॅटरी मारली. कोपऱ्यात तीन पिल्लं! पिंजरा परत गेला. दीड-दोन महिने घरातल्यांनी तो दणदणाट सहन केला. आजोबा रोज सकाळी चहा पिताना कुरकुर करायचे म्हणे. मग एके दिवशी वरचा आवाज बंद झाला. चार-पाच रात्री काहीच हालचाल नाही याची खात्री करून काकांनी फुटकी कौलं बदलली आणि वाशांजवळची फट जाळीनं बुजवली. मुलगी मला म्हणाली, "बाई, आता झोपच येत नाही. फार शांत वाटतं!"

तुमच्या घरीही असा पाहुणा आला तर आई-बाबांना एवढंच सांगा: धूर करू नका, फटाके लावू नका, काठीनं डिवचू नका. डिवचलं तर ते चावू शकतं. पिल्लं नसतील तर रात्री ते बाहेर गेल्यावर फट बुजवता येते. जखमी जनावर दिसलं किंवा ते अडकून पडलं, तर वनविभागाची १९२६ ही मदतवाहिनी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं उदमांजराला संरक्षण दिलंय. त्याला मारणं, पकडून पाळणं हा गुन्हा आहे.

२०२४ च्या मार्च-एप्रिलमध्ये वसई किल्ल्याच्या परिसरात बिबट्या आला, तेव्हा किती गाजावाजा झाला होता ते आठवतं ना? शेवटी तो पिंजऱ्यात सापडेपर्यंत रोज बातम्या. उदमांजराची अशी बातमी होत नाही. ते गुपचूप येतं आणि जागा संपली की गुपचूप नाहीसं होतं. २००३ मध्ये अभयारण्य म्हणून जाहीर झालेलं तुंगारेश्वरचं जंगल आहे पूर्वेला, सुमारे ८५ चौरस किलोमीटरचं. वाड्या आहेत पश्चिमेला. आणि दोहोंच्या मधे मुंबई-अहमदाबाद महामार्ग, रेल्वेचे रूळ आणि इमारतींच्या रांगा. कौलारू घरं जाऊन स्लॅबची आली, ढोलीची जुनी झाडं पडली. झाडाला झाड लागून नसलं की उदमांजर विजेच्या तारेवरून जातं नाहीतर रस्त्यावर उतरतं. त्यातली काही पलीकडे पोचत नाहीत. म्हणून वाडीतलं एखादं जुनं उंबर किंवा जांभूळ तोडायची गोष्ट निघाली, तर घरात आपलं मत जरूर मांडा. लहानांनी बोलू नये असा काही नियम नाही.

आणि आता एक उद्योग. जूनच्या सुमाराला जांभळं पिकली की सकाळी उठून वाडीच्या गडग्यावर, आडव्या पडलेल्या ओंडक्यावर किंवा गच्चीच्या कठड्यावर नजर टाका. उदमांजराला उघड्या, उंच जागी विष्ठा टाकायची सवय असते, आणि पुन्हापुन्हा त्याच जागी. तिच्यात बियाच बिया दिसतील. जवळच्या ओल्या मातीत पावलांचे ठसे मिळाले तर बोटं मोजा. उदमांजराची पाच बोटं उमटतात, मांजराची चारच. विष्ठेला हात लावू नका. काडीनं चार-पाच बिया वेगळ्या करा, पाणी ओतून धुवा आणि नंतर हात साबणानं स्वच्छ करा. एका कुंडीत या बिया लावा. शेजारच्या कुंडीत तुम्ही खाल्लेल्या जांभळाच्या तेवढ्याच बिया लावा. दोन्हींना सारखं पाणी घाला आणि कोंब कुठल्या दिवशी दिसला ते वहीत लिहून ठेवा. साधारण दोन ते पाच आठवडे लागतील. आणि हो, जांभळाच्या एकाच बीतून कधी कधी दोन-तीन कोंब येतात, तेव्हा मोजताना कोंब नव्हे, बिया मोजा!